एका रडण्याचा इतिहास

"यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या," असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नकारच दिला. पेशव्यांवर आणि पुण्याच्या पेठांवर लिहिणाऱ्या विदुषी आपल्या मंडळात आहेत. माझे आयुष्य सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, आणि वाडा पाडल्यावर त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत गेले. मी कसला इतिहास लिहिणार? पण बाई स्वतः घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या धाकटीबद्दल लिहा की." मी म्हटले, "अहो, ती काय इतिहासात जमा झाली आहे?" त्यावर दोघी हसलो. त्या गेल्यावर मात्र मी बराच वेळ विचार करीत बसले. धाकटीच्या विकाराला नाव मिळाले १९६३ साली. त्यावेळी मी परकर-पोलके घालून शाळेत जात होते. ज्या गोष्टीचा पत्ता जगाला माझ्या बालपणी लागला आणि जी माझ्या पदरात येऊन पडली, तिचा इतिहास लिहावयाचा तर तो माझ्यासारखीनेच लिहावयास हवा, असे वाटले, म्हणून हा खटाटोप.

आमची धाकटी १९८० च्या ऑगस्टमध्ये झाली. वजन जेमतेम साडेचार पौंड, चेहरा वाटोळा, डोळे एकमेकांपासून जरा दूर. पण हे सारे नंतर ध्यानात आले. आधी ध्यानात आले ते रडणे. तान्हे मूल रडते तसे ते नव्हते. बारीक, उंच, ओढून धरलेला एकच सूर, हुबेहूब मांजराच्या पिलासारखा. प्रसूतिगृहातल्या आयाबाईने दोनदा खिडकीखाली डोकावून पाहिले. बाराव्या दिवशी घरी आलो, तर वाड्यातल्या बायका बारशाच्या निमित्ताने येऊन जात आणि जिन्यात कुजबुजत. एकीने तर मला सरळ विचारले, "दिवस असताना मांजर आडवं गेलं होतं का हो?"

मांजर नव्हते, पण ग्रहण होते. आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल, १९८० सालच्या १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण लागले होते. कारवार-अंकोल्याकडे ते खग्रास दिसले. पुण्यात खंडग्रास होते, तरीही दुपारी रस्ते ओस पडले होते. मला तेव्हा तिसरा महिना होता. सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बसवून ठेवले होते. काही चिरायचे नाही, शिवायचे नाही, खायचे नाही. पण थोरला तेव्हा चार वर्षांचा. तो पेरूसाठी हटून बसला. सगळे देवघरात जपाला बसलेले, म्हणून मी विळी न घेता साध्या चाकूने पेरूच्या चार फोडी करून त्याच्या हातावर ठेवल्या. हे मी स्वतःहूनच पुढे केव्हातरी सासूबाईंना सांगितले होते. ते सांगितले नसते तर बरे झाले असते.

सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे आधी सांगावयास हवे. धाकटीला अंगावर ओढता येत नसे, दूध घशात न जाता नाकातून परत येई. अशा वेळी त्यांनी माळ्यावरून चांदीचे बोंडले काढले, जुन्या धोतराचा मऊ फडका मांडीवर घेतला, आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, पाव पाव चमचा दूध तिच्या गालाच्या आतल्या बाजूने सोडले. आठ महिने हे चालले. ती जगली ती त्यांच्या हाताने. पण दूध पाजता पाजता त्या तिच्याशी बोलत, आणि त्या बोलण्यात तो पेरू येई. "तुझ्या आईने एवढं ऐकलं असतं तर..." मी ओट्याशी उभी राहून ते ऐकत असे. उत्तर काय देणार? मलाही ते खरेच वाटत होते.

आता वाटते की यात त्यांचा तरी काय दोष? ही समजूत आपल्या महाभारताइतकी जुनी आहे. व्यासांना पाहून अंबिकेने भयाने डोळे मिटले, म्हणून धृतराष्ट्र जन्मांध झाला. अंबालिका पांढरी पडली, म्हणून पांडू पांढुरका झाला. कौरव-पांडवांच्या साऱ्या कलहाचे मूळ दोन बायकांच्या क्षणभराच्या भीतीत ठेवून कथा पुढे जाते. वनपर्वातल्या अष्टावक्राच्या गोष्टीत मात्र पोटातल्या पोराने चूक काढली म्हणून बाप कहोडच त्याला शाप देतो. तेवढी एक कथा सोडली तर बोट वळते ते आईकडे. दुधी चिरला, दार शिवले, सावलीत उभी राहिली. आपल्या आज्या-पणज्यांनी हे सारे निमूटपणे ऐकून घेतले आहे.

डॉक्टरांनी तरी निराळे काय सांगितले? धाकटी दीड वर्षाची झाली तरी मान नीट धरीना, तेव्हा आम्ही तिला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांचे नाव घेत नाही, ते आता हयात नाहीत आणि त्यांच्याइतके सज्जन गृहस्थ थोडे. त्यांनी तिला तपासले आणि ह्यांना म्हणाले, "हिच्यावर पैसे घालवू नका. आणखी एक मूल होऊ द्या." माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. आम्ही अलका टॉकीजपर्यंत चालत आलो. धाकटी माझ्या खांद्यावर होती. रिक्षा करावी असे दोघांपैकी कोणालाच सुचले नाही.

आता जरा मागे जाते, कारण त्या डॉक्टरांनाही दोष देववत नाही. मनुष्याच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रे नावाचे सूक्ष्म धागे असतात, आणि आईबापांचा वारसा त्यांवरून मुलांकडे येतो, हे शास्त्रज्ञांना पुष्कळ आधीपासून ठाऊक होते. पण ती किती, हे मात्र बरोबर ठाऊक नव्हते. १९२३ पासून सगळ्या पुस्तकांत ४८ असे छापलेले असे. ज्याने मोजली त्याने ४८ मोजली, कारण पुस्तकात तसे होते! अखेर १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमधील लुंड येथे त्यो आणि लेव्हान या दोघांनी ती ४६ असल्याचे पाहिले, आणि १९५६ साली ते प्रसिद्ध झाले. म्हणजे माझ्या वडिलांच्या पिढीच्या डॉक्टरांनी वैद्यकीचा अभ्यास केला तो चुकीचा आकडा पाठ करून. मग त्यांना आमच्या धाकटीचे काय कळावे?

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. आपल्या मंडळाने जिची तसबीर लावावी अशी एक बाई त्यांत आहे. तिचे नाव मार्त गोतिए. शेतकऱ्याच्या घरी १९२५ साली जन्मलेली ही फ्रेंच मुलगी बालरोगतज्ज्ञ झाली, अमेरिकेत जाऊन पेशी काचेच्या बशीत वाढवण्याची विद्या शिकली आणि पॅरिसच्या त्रूसो रुग्णालयात परतली. तिथे तिला जागा मिळाली, पण पैसा मिळाला नाही. तिने काचसामानासाठी स्वतः कर्ज काढले. पेशींना खाद्य म्हणून रक्तद्रव लागे, तर त्यासाठी एक कोंबडा पाळला, आणि माणसाचे रक्त हवे तेव्हा स्वतःच्या दंडातून काढले. संसार करणाऱ्या बाईला हे वाचून हसू येईल. घरात नसले की आपण असेच भागवतो. १९५८ साली एका मुलाच्या पेशींत तिला ४७ गुणसूत्रे दिसली. ज्या मुलांना डॉक्टर मंडळी चेहऱ्यावरून "मंगोल" म्हणत, त्यांपैकी तो एक होता. एक जादा गुणसूत्र, एकविसाव्या क्रमांकाचे.

तिच्याजवळ सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र घेण्याचे साधन नव्हते. तिथले एक सहकारी, जेरोम लजन, काचपट्ट्या छायाचित्रासाठी घेऊन गेले. १९५९ च्या जानेवारीत निबंध प्रसिद्ध झाला. लजनांचे नाव पहिले, हिचे दुसरे, आणि तेही चुकीच्या स्पेलिंगने. लजन जगप्रसिद्ध झाले. गोतिएबाई हृदयरोग असलेल्या मुलांच्या कामाकडे वळल्या आणि पन्नास वर्षे बोलल्या नाहीत. २००९ साली त्यांनी आपली हकीगत लिहिली, आणि २०१४ साली फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने त्यांच्या बाजूला वजन देणारे मत नोंदवले. २०२२ साली, ९६ वर्षांच्या होऊन, त्या वारल्या. लजन हेही थोर होते, यात संशय नाही. या मुलांवर त्यांची माया होती असे सगळे सांगतात, आणि पुढे आमच्या धाकटीच्या बाबतीत तर त्यांचेच ऋण आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली ते ४७ वे गुणसूत्र प्रथम आले ते एका बाईने पोसलेल्या पेशींत, हे स्मरणिकेत नोंदवून ठेवते.

जाता जाता त्या "मंगोल" शब्दाविषयी. तो इंग्लंडच्या डॉ. लँग्डन डाउन यांनी १८६६ साली योजला. या मुलांचा चेहरा त्यांना मंगोलियातल्या माणसांसारखा वाटला, एवढाच त्याला आधार. शंभर वर्षे हा शब्द पुस्तकांतून चालला. मंगोलिया देशाने जागतिक आरोग्य संघटनेकडे हरकत घेतली तेव्हा, १९६५ च्या सुमारास, तो तिथल्या कागदांतून गेला आणि डाउन यांचे नाव लावण्याची पद्धत पडली. आपल्याकडे १९८० नंतरही तो मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आहे.

आणि १९६३ साली लजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन बालकांची हकीगत प्रसिद्ध केली. तीन निरनिराळ्या घरांतली मुले, पण तिन्ही मांजराच्या पिलासारखी रडणारी. पाचव्या क्रमांकाच्या गुणसूत्राला एक आखूड भुजा असते आणि एक लांब. या तिघांच्या आखूड भुजेचा एक तुकडाच नाहीसा झालेला होता. फ्रेंच भाषेत त्यांनी विकाराला "क्री द्यु शा" म्हटले, म्हणजे मांजराचे रडणे! वाड्यातल्या बायकांनी जिन्यात जे नाव ठेवले होते, नेमके तेच. हल्ली आईबापांना "पाच-पी-वजा" हे नाव अधिक आवडते. ज्या मुलांचे रडणे दोन-चार वर्षांत बदलते त्यांना जन्मभर मांजर कशाला म्हणायचे? रडणे तसे होते ते कंठाची घडण निराळी असल्यामुळे. पंधरा ते पन्नास हजार जन्मांमागे असे एक मूल होते असा अंदाज आहे. म्हणूनच सज्जन डॉक्टरालासुद्धा आयुष्यात असे मूल एकदाही दिसत नाही.

आमच्या घरी हे नाव आले १९८६ साली, म्हणजे धाकटी सहा वर्षांची झाल्यावर. ह्यांच्या कचेरीतल्या एका स्नेह्यांनी मुंबईच्या एका प्रयोगशाळेचा पत्ता दिला. डेक्कन क्वीनने गेलो. धाकटी गाडीत सारखी खिडकीच्या गजाला डोके टेकून होती आणि खंडाळ्याच्या बोगद्यात प्रत्येक वेळी टाळ्या वाजवीत होती. तिथे तिचे थोडे रक्त घेतले, आणि आम्हा दोघांचेही. तिथल्या एका तरुण बाईंनी मला आत नेऊन हे काम कसे चालते ते दाखवले. तो माझ्या आयुष्यातला पहिला विज्ञानाचा तास.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी शरीराबाहेर आपण होऊन वाढत नाहीत. त्यांना वाढीला लावणारा अर्क १९६० च्या सुमारास सापडला, तो राजम्याचा. आपला श्रावणघेवडा आणि राजमा ही एकाच झाडाची, शेंग कोवळी काढली तर घेवडा आणि वाळू दिली तर दाणा. कोरेगावकडचा वाघ्या घेवडाही त्यातलाच. राजमा नीट शिजला नाही तर बाधतो तोही या अर्कासारख्या द्रव्यामुळेच. तीन दिवस पेशी उबेत ठेवतात. मग कोल्चिसीन घालतात, त्याने पेशीचे विभाजन मध्येच थबकते आणि गुणसूत्रे आखडून स्पष्ट होतात. युरोपात हे द्रव्य एका केशरासारख्या दिसणाऱ्या फुलझाडाच्या कंदातून काढीत, पण आपल्या कळलावीतही ते असते. पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेला लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती. बाळंतिणीला कळा आणते या समजुतीने जिचे नाव कळलावी पडले, तिचे द्रव्य प्रयोगशाळेत अशा कामी येते! शेवटी पेशी सौम्य मिठाच्या पाण्यात टाकून फुगवतात, म्हणजे गुंता सुटून गुणसूत्रे विखुरतात. ही युक्ती अमेरिकेत १९५२ साली एका प्रयोगशाळेत द्रावण चुकून पातळ झाल्यामुळे सापडली. त्याआधी सगळे त्या गुंत्यातच मोजत बसले होते, म्हणून तर ते ४८.

सहा आठवड्यांनी अहवाल आला. छायाचित्रात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या २३ जोड्या ओळीने मांडल्या होत्या. पाचव्या जोडीतले एक गुणसूत्र वरून तोडल्यासारखे आखूड. मी ते भिंगातून पाहिले. इतकी वर्षे ज्याला मी शोधीत होते ते एवढेसे होते. आमच्या दोघांची गुणसूत्रे मात्र पूर्ण होती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले की दहा-पंधरा टक्के घरांत आईच्या किंवा बापाच्या गुणसूत्रांत अदलाबदल असते आणि ती मुलात उतरते, बाकीच्यांत तुकडा नव्यानेच गळतो. बीज तयार होताना, गर्भ राहण्याच्या आधी. कोणी काही केल्याने नव्हे आणि न केल्यानेही नव्हे.

मी मनात दिवस मोजले. गर्भ राहिला तो नोव्हेंबरात. ग्रहण फेब्रुवारीत. पेरू चिरला तेव्हा तो तुकडा गळून तीन महिने होऊन गेले होते.

घरी येऊन सासूबाईंना सगळे सांगितले. त्या निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पेरूचं काही नव्हतं?" मी म्हटले, "नव्हतं." त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मंडईत गेल्या, हे मला नंतर कळले. रात्री जेवताना त्यांनी पेरूची कोशिंबीर केली होती, आणि ती पहिल्यांदा माझ्या पानात वाढली.

पुढे १९९० नंतरच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. हा तुकडा नव्याने गळतो तेव्हा तो बहुतेक वेळा बापाकडून आलेल्या गुणसूत्रातला असतो. मी हे एका पुस्तिकेत वाचले आणि ह्यांना वाचून दाखवले. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि म्हणाले, "आईला सांगायला हवं होतं." सासूबाई तोपर्यंत गेल्या होत्या. बापाचाही यात काडीचा अपराध नाही, हे सांगावयास नकोच. पण मला खोटे बोलायचे नाही. ते वाचून त्या रात्री मी शांत झोपले.

सासूबाईंच्या बोंडल्याविषयी मात्र एक पुरावा हाती आला तो त्यांना सांगता आला असता, तर किती बरे झाले असते. या विकाराची आरंभीची वर्णने पुष्कळशी आश्रमांतून आणि इस्पितळांतून ठेवलेल्या मुलांवरून लिहिलेली होती. म्हणून पुस्तके म्हणत, की ही मुले चालत नाहीत, बोलत नाहीत, अंथरुणाला खिळून राहतात. १९८० साली, आमची धाकटी जन्मली त्याच वर्षी, अमेरिकेत घरी वाढवलेल्या ६५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतली पुष्कळ मुले पुस्तकांनी सांगितले त्याहून कितीतरी पुढे गेलेली होती. धाकटी साडेचाराव्या वर्षी चालली. ती शब्द थोडे बोलते, तीस-चाळीस असतील, पण तिला कळते त्याहून दसपट. ओट्यावर डबे कोणते कोठे ठेवावयाचे ते तिला विचारावे.

आता शाळांविषयी. पुणे म्हणजे स्त्रीशिक्षणाचे आणि समाजसेवेचे माहेरघर असे आपण अभिमानाने म्हणतो. महर्षी कर्व्यांनी १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली, १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या कष्टांनी पुण्यात सेवासदन उभे राहिले, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले. पण मतिमंद म्हणून ज्यांना बाजूला ठेवले त्या मुलांची आठवण फार उशिरा झाली. १९१२ च्या कायद्यात तर जन्मतः मंदबुद्धी असलेला आणि वेडा यांत फरकच केलेला नव्हता, दोघांना एकच शब्द. तो फरक १९८७ च्या कायद्याने केला.

मुंबईत याची सुरुवात एका घरातून झाली. डॉ. होर्मसजी वकील आणि त्यांच्या पत्नी यांची मुलगी जय हिला डाउन यांच्या नावाचा विकार होता. तिला घेईल अशी शाळा नव्हती. १९४४ साली या दांपत्याने स्वतःच शाळा काढली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. लक्षात घ्या, जयच्या पेशींत ४७ गुणसूत्रे असतील हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते. आईबापांना कारण ठाऊक नव्हते, तरी मुलीला शिकवले पाहिजे हे ठाऊक होते. पुण्यात १९६४ साली कामायनी सुरू झाली. आमच्या धाकटीला एका अशाच विशेष शाळेत वयाच्या सातव्या वर्षी घातले. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी तिचे नाव विचारले, माझे नव्हे. धाकटीने अर्थातच सांगितले नाही. पण त्या थांबल्या होत्या.

आता आपल्या मंडळाची हकीगत, कारण स्मरणिका त्याच्यासाठी आहे. १९८८ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेव्हाच्या अध्यक्षबाईंनी मला दहा मिनिटे बोलावयास सांगितले. मी घाबरून एक पान लिहून काढले आणि ह्यांनी कचेरीत त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती काढल्या. वाण म्हणून तिळगुळाबरोबर ते पान दिले. मी ग्रहणाची, पेरूची आणि गुणसूत्रांची गोष्ट सांगितली. सभागृहात इतके शांत झाले की मला वाटले, माझे चुकलेच. सवाष्णींच्या समारंभात हे काय काढले! चहाच्या वेळी मात्र एक वयस्क बाई जवळ आल्या. शनिवार पेठेत त्यांचे घर. त्या म्हणाल्या, "माझा दीर असाच होता. बत्तीस वर्षं माजघराच्या पुढे आला नाही. पाहुणे आले की त्याला आत लोटत. माझ्या सासूबाई रोज तुळशीपुढे स्वतःच्या थोबाडीत मारून घेत." आणखी एक आल्या. मग आणखी एक. त्या दिवशी पाच घरे कळली. त्यांपैकी एकाही घराच्या मुलाला कोणता विकार होता हे आजवर कळलेले नाही, कारण त्यांतली तिघे तेव्हाच निवर्तलेली होती. उरलेल्या दोघांना आम्ही शाळेपर्यंत नेले.

तेव्हापासून आपले मंडळ दरवर्षी एक व्याख्यान या विषयावर ठेवते. काही वर्षी श्रोते बारा आले, एका वर्षी पावसाने चारच. १९९१ साली "चौकट राजा" चित्रपट निघाला तेव्हा मंडळाने तिकिटे काढली होती, आणि २०१४ साली "यलो" पाहावयास तर जवळजवळ सगळ्याच गेल्या. तो आपल्या पुण्याच्या गौरी गाडगीळवर आहे आणि तिची भूमिका तिनेच केली आहे. डाउन विकार असलेली ही मुलगी २००७ साली शांघायला विशेष ऑलिम्पिकमध्ये पोहून रौप्यपदक घेऊन आली. राष्ट्रीय पुरस्कारांतही तिचा खास उल्लेख झाला. पडद्यावर ती पाण्यात उतरली तेव्हा आमची धाकटी उभी राहून ओरडू लागली. मागच्या रांगेतून कोणी "बसा" म्हटले नाही. १९८० साली म्हटले असते.

परदेशात या कामाला आईबापांच्या संघटनांनी जोर आणला. इंग्लंडमध्ये एडना नाइट नावाच्या आईने १९८४ साली काढलेला लहानसा गट आज जगभरच्या दुर्मीळ गुणसूत्र-विकारांच्या घरांना जोडतो. २१ मार्च हा डाउन विकाराचा दिवस, कारण एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१२ पासून मानला. आणि ५ मे आमच्या धाकटीचा, पाचव्या गुणसूत्राचा. त्या दिवशी जगभर पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घालतात. आमच्याकडे मे महिन्यात मोजे घालणे म्हणजे शिक्षाच, पण धाकटीला ते दिवसभर काढू द्यावयाचे नसतात!

कायद्यांचे थोडक्यात सांगते. १९९५ चा अपंगांचा कायदा आला, त्याच्या जागी २०१६ चा आला. त्यात २१ प्रकार आहेत. गुणसूत्र-विकारांना तिथे निराळे खाते नाही, आमची मुले बौद्धिक दिव्यांगत्वाच्या खात्यात बसतात. २०२१ साली दुर्मीळ रोगांचे राष्ट्रीय धोरण झाले, पण त्याचा भर ज्या रोगांवर उपचार निघाले आहेत त्यांवर, आणि गळालेला तुकडा परत बसवता येत नाही. माझ्या लेखी सर्वांत मोठा कायदा १९९९ चा राष्ट्रीय न्यासाचा. अठरा वर्षांनंतर अशा मुलाचा पालक कोण, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून त्याने ठरवून घेता येते. आईबाप एकमेकांत जे रात्री बोलतात आणि दिवसा बोलत नाहीत, ते यात कागदावर येते. ह्यांना जाऊन सहा वर्षे झाली. धाकटीच्या पालकत्वाच्या कागदावर आता थोरल्याचे आणि सूनबाईंचे नाव आहे. सही करताना सूनबाई म्हणाली, "आई, मला बोंडल्याचं सगळं सांगून ठेवा हं." धाकटी पंचेचाळिशीत आहे, तिला बोंडले आता लागत नाही. पण मी सांगितले.

मागच्या महिन्यात धायरीकडची एक तरुण मुलगी, आपल्याच एका सभासद भगिनीची भाची, दोन महिन्यांचे बाळ घेऊन संध्याकाळी घरी आली. बरोबर तिची सासू होती. कोणीतरी त्यांना आपल्या मंडळाचे पान दिले होते. बाळ झोपलेले होते. आम्ही इकडचे तिकडचे बोलत राहिलो. मग ते जागे झाले आणि रडू लागले. धाकटी आतून धावत आली आणि माझ्या दंडाला धरून उभी राहिली. मी ते ऐकले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत विसरले नव्हते.

त्या मुलीने विचारले, "मावशी, माझं काही चुकलं का हो?" तिची सासू जमिनीकडे पाहत होती. मी दोघींना स्वयंपाकघरात नेले, बोंडले दाखवले आणि दूध गालाच्या आतल्या बाजूने कसे सोडावयाचे ते आधी सासूच्या हातून करवून घेतले. रक्त दुसऱ्या दिवशी दिले. आता त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. अहवाल येत्या गुरुवारी मिळावयाचा आहे. मी त्यांच्याबरोबर जाणार आहे, आणि धाकटीने स्वतःची पिशवी आजच भरून दाराशी ठेवली आहे.